दोघांची उन्हाळी सहल, तीही खिशाला परवडणारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की ठरलेली विचारणा सुरू होते: दोघंच आहोत, तीन-चार दिवसांची रजा आहे, खर्च आटोक्यात ठेवायचाय, कुठे जाऊ? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर महाराष्ट्रावर आहे, कारण चार दिवसांतले दोन प्रवासात गेले की पैसे वाचवण्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

१. दोघांसाठी सगळ्यात स्वस्त ठिकाण कोणतं?

एकच नाव सगळ्यांना लागू पडणार नाही, पण एक कसोटी सगळ्यांना लागू पडते: तिथे पोहोचल्यावर हिंडायला स्वतंत्र गाडी करावी लागते का? लोक खोलीच्या भाड्यात दोनशे रुपये कमी करायला दहा फोन करतात आणि तिथे उतरल्यावर ‘सगळे पॉइंट दाखवतो’ म्हणणाऱ्या टॅक्सीला एका दिवसात खोलीएवढे पैसे मोजतात. सहा जण असले तर ती टॅक्सी परवडते. दोघांवर तिचा सगळा भार पडतो.

म्हणून पायी, एसटीने, वडापने (म्हणजे शेअर जीपने) किंवा शेअर रिक्षाने जिथे फिरता येतं, ते ठिकाण दोघांसाठी स्वस्त. माथेरान, पाचगणी, मालवण आणि गुहागर या कसोटीला उतरतात. भंडारदरा, तोरणमाळ आणि पचमढी इथे खोली कमी भाड्यात मिळाली, तरी गाडीशिवाय अडकून पडायला होतं. स्वतःची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर हिशेब बदलतो. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

२. पंधरा हजारांत तीन रात्री होतील का?

मुंबई, पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरहून राज्यातल्या राज्यात जायचं असेल, तर काटकसरीने होतात. मांडणी अशी करून पाहा: खोलीला रात्रीचे २,००० धरून ६,०००, जाण्या-येण्याचे २,५००, खाण्यापिण्याचे ३,५००, तिथल्या फिरण्याचे १,५००, उरलेले १,५०० हात न लावता बाजूला. बाजूला काढलेले हे पैसे फार महत्त्वाचे आहेत. शेवटची एसटी चुकली, एकाचं पोट बिघडलं, खोली पाहवली नाही म्हणून दुसरी घ्यावी लागली, की तेच कामाला येतात.

खोलीचे दर पाहताना जेवण धरलंय की नाही ते विचाराच. माथेरानला बरेच लॉज जेवणासकट दर सांगतात. तो आकडा महाबळेश्वरच्या नुसत्या खोलीशी ताडून ‘माथेरान महाग’ म्हणणं चुकीचं आहे. ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सांगितलेला दर करासह की कराशिवाय, हेही आधीच विचारून घ्या.

३. एप्रिलमध्ये जावं, मेमध्ये की जूनमध्ये?

घरात शाळकरी मूल नसेल, तर हाच तुमचा सर्वांत मोठा फायदा आहे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेक शाळांच्या परीक्षा चालू असतात, त्यामुळे हिल स्टेशनं मोकळी असतात. एप्रिलची शेवटची तारीख उलटली की १ मेची सुट्टी, शाळांच्या सुट्ट्या आणि लग्नसराई एकदम अंगावर येतात. खोल्या महागतात, आणि गावाकडच्या एसटीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

मेमध्येच जायचं असेल तर सोमवारी निघून गुरुवारी परत या. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्रीचे दर वेगळे असतात, फोनवर वार सांगूनच दर विचारा. जूनचा पहिला आठवडा स्वस्त असतो, पण पावसाचा भरवसा नसतो (प्रश्न १७).

४. ‘थंड हवेचं ठिकाण’ मेमध्ये खरंच थंड असतं का?

स्वेटर लागेल असं महाराष्ट्रात मेच्या दुपारी कुठेच नसतं. उंची दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरवते. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे, माथेरान सुमारे ८००. म्हणजे महाबळेश्वरला दुपारी पंख्याखाली बरं वाटतं आणि रात्री पांघरूण लागतं. माथेरानचा गारवा मात्र मुख्यतः झाडीचा. दुपारी उघड्या कड्यावर उभं राहिलात तर तिथेही ऊन भाजतं. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर फिरायचं, मधला वेळ झोपेला आणि गप्पांना ठेवायचा, ही सवय कुठेही गेलात तरी उपयोगी.

५. माथेरान की महाबळेश्वर?

दोघंच असाल, चालायची आवड असेल आणि रेल्वेने येणार असाल, तर माझं मत स्पष्टपणे माथेरानला.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर चालत, घोड्यावर किंवा अमन लॉज ते माथेरान या शटल गाडीने पार करता येतं. मुंबईहून कर्जत लोकलने नेरळला उतरलात आणि शेअर टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आलात, की प्रवासाचा मोठा खर्च तिथेच संपला. नेरळहून थेट वर जाणारी छोटी गाडी १९०७ सालापासूनची आहे. दोन फुटी रुळांवरून ती डोंगर चढते, वेळ बराच घेते, पण तो प्रवास हाच सहलीचा अर्धा आनंद. फेऱ्या मोजक्या असल्याने तिकिटं भराभर संपतात. सकाळी लवकर नेरळ गाठा. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून नेरळची लोकल धरावी.

वर पोहोचलात की पॅनोरमा, लुइझा, एको, शार्लट तलाव, सूर्यास्ताचा पॉइंट ही सगळी ठिकाणं पायी होतात. मातीचे रस्ते, डोक्यावर झाडी, हॉर्नचा आवाज नाही. दोघांना एकमेकांशी बोलायला याहून चांगली जागा मुंबईच्या इतक्या जवळ मला तरी माहीत नाही. तीन काळज्या घ्या: लाल धुळीत पांढरे बूट नकोत, माकडांसमोर खाण्याची पिशवी उघडू नका, आणि नगरपरिषदेचा प्रवेशकर भरायला सुटे पैसे ठेवा.

महाबळेश्वरचा गारवा माथेरानपेक्षा नक्की सरस. पण आर्थर सीट, केट्स पॉइंट, लॉडविक पॉइंट, प्रतापगड हे एकमेकांपासून इतके विखुरलेले आहेत, की टॅक्सी करावीच लागते. त्यावर तोडगा आहे: मुक्काम पाचगणीला करा. टेबल लँडचं पठार गावातून चालत गाठता येतं, महाबळेश्वर वीसेक किलोमीटरवर आणि दिवसभर एसटी चालू. एक दिवस महाबळेश्वरसाठी काढा. हंगामात एसटीची दर्शन-बस निघते, आगारात चौकशी करा. ती नाही मिळाली तर क्षेत्र महाबळेश्वर आणि वेण्णा तलाव एवढंच करा. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांचा उगम मानतात. दगडी मंडपात भर दुपारीही गार वाटतं. ताज्या स्ट्रॉबेरीसाठी जाणार असाल तर मेपर्यंत थांबू नका, हंगाम ओसरलेला असतो.

६. खोली वाईला स्वस्त मिळतेय. तिथे राहून पाचगणी करावी का?

पैशाच्या दृष्टीने चालेल, हवेच्या दृष्टीने नाही. पसरणी घाटाच्या खाली उन्हाळा पूर्ण असतो. ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहायला जाता-येता अर्धा दिवस वाईत थांबा, रात्र मात्र वर काढा.

७. मेमध्ये कोकणात घामाने जीव जात नाही का?

घाम येतो, भरपूर येतो. पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवा दमट असते. तरीही कमी खर्चात सर्वाधिक समाधान देणारी सहल मला मेमधल्या कोकणाची वाटते. आंबा, फणस, करवंदं, जांभळं सगळं एकाच वेळी. मेच्या मध्यावर हापूसचे दर एप्रिलपेक्षा उतरलेले असतात. सकाळ-संध्याकाळ समुद्र, दुपारी माडाच्या सावलीत झोप. खर्च करायला जागाच कमी असते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मालवण घ्यावं. कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, तिथून तीसेक किलोमीटर, एसटी मिळते. तारकर्लीच्या किनाऱ्यावरची खोली फोटोत छान दिसते, पण गाडी नसेल तर मालवण गावातच राहा. एसटी स्टँड, बाजार, खानावळी आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचा धक्का सगळं चालत होतं. तारकर्ली सातेक किलोमीटरवर, एक दिवस रिक्षाने जाऊन या. किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं आणि आत शिवाजी महाराजांचं मंदिर आहे; होडीचं तिकीट माणशी असतं, दोघांना जड जात नाही. स्कूबा डायव्हिंग करायचं असेल तर ते पैसे प्रश्न २ मधल्या हिशेबाबाहेर धरा.

याहून शांतता हवी असेल तर गुहागर. चिपळूण स्टेशनपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. गावाच्या पाठीमागेच लांबलचक किनारा आहे, व्याडेश्वराचं देऊळ गावात, आणि दाभोळ खाडी ओलांडायला धोपाव्याची फेरीबोट. या किनाऱ्यावर पाण्यात खोल जाऊ नका. स्थानिकांनी ‘आज नको’ म्हटलं की तो शब्द शेवटचा माना.

दोन तारखा लक्षात ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी थांबते, म्हणजे ताज्या सुरमई-पापलेटच्या आशेने जूनमध्ये जाऊ नका. शाकाहारी जोडप्यांनी बिचकायचं कारण नाही: घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि सोलकढी जवळजवळ सगळीकडे मिळतं, घरगुती मुक्कामी आदल्या रात्री सांगून ठेवा.

८. आम्ही विदर्भातले. महाबळेश्वर गाठायचं म्हणजे दीड दिवस. जवळ काय?

चिखलदरा. उंची १,१०० मीटरहून जास्त, अमरावतीहून परतवाडामार्गे एसटी. अकोला-अमरावती ४३-४४ अंशांत पोळत असताना वर सात-आठ अंशांचा फरक अंगाला जाणवतो. राज्यात कॉफी पिकवणारं हे वेगळंच गाव, जवळच गाविलगड, आणि सभोवती मेळघाटचं जंगल. पॉइंट थोडे लांब आहेत, पण गावाभोवतीचं फिरणं पायी होतं. शनिवार-रविवार टाळा.

नागपूरकडच्यांना पचमढीही जमते. रेल्वेने पिपरियाला उतरून पुढे पन्नासेक किलोमीटर रस्त्याने. मात्र तिथल्या जंगलातल्या बऱ्याच ठिकाणांना जिप्सी करावी लागते. तिथेच दुसरं एखादं जोडपं शोधून जिप्सी वाटून घ्या, किंवा सायकल भाड्याने घेऊन जटाशंकर आणि गावातली ठिकाणं करा.

खानदेशातल्यांना तोरणमाळ (शहाद्याहून) शांत वाटेल, पण राहण्या-खाण्याची सोय तुटपुंजी. खोली ठरल्याशिवाय निघू नका. मराठवाड्यातून म्हैसमाळ एका दिवसात होतं. त्याला वेरूळ जोडणार असाल तर मंगळवार नको, लेणी बंद असतात.

९. एसटीने जावं, रेल्वेने की स्वतःच्या दुचाकीने?

एसटीचा विचार आधी करा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. म्हणजे नवरा-बायकोचं मिळून दीड तिकीट होतं. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती; पणजीला जाणाऱ्या गाडीत हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं. चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास बऱ्याच गावांच्या सहलीला चांगला, पण बायकोचं तिकीट आधीच निम्मं असल्याने तिच्यासाठी तो परवडतो का, हे पास काढण्यापूर्वी कागदावर मांडून पाहा.

लांबच्या कोकणासाठी रेल्वे बरी. आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. मेच्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात, तेव्हा प्रवासाच्या तारखेवरून मागे मोजून तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुचाकीने प्रश्न १ मधली गाडीची अडचण मिटते आणि भंडारदऱ्यासारखी ठिकाणंही परवडू लागतात. पण पहाटे निघून दहाच्या आत पोहोचता येईल एवढंच अंतर घ्या, हेल्मेट दोघांनाही, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तसंच समृद्धी महामार्ग दुचाकीला बंद आहेत हे रस्ता ठरवतानाच ध्यानात घ्या.

१०. बायकोला घाटात गाडी लागते. मग डोंगर सोडूनच द्यायचा का?

नाही. रेल्वेने जवळचं स्टेशन गाठा म्हणजे घाट कमी राहतो: कुडाळहून मालवण, चिपळूणहून गुहागर. माथेरानला नेरळहून छोटी गाडी मिळाली तर ती इतकी सावकाश चढते, की अनेकांना त्रास होत नाही. टॅक्सीचा तो घाट मात्र तीव्र आहे. पुढची खिडकीची जागा, निघण्यापूर्वी हलकं खाणं, आणि मोबाइलकडे न पाहणं याचा उपयोग होतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्यापूर्वी; मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी चालत नाही. दिवस गेले असतील तर गोळी आणि प्रवास दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

११. लॉज, होमस्टे, एमटीडीसी, भक्तनिवास: काय निवडावं?

कोकणात डोळे झाकून घरगुती मुक्काम. जेवण तिथेच होतं, आणि कुठली एसटी कधी येते हे घरच्या काकूंना माहीत असतं. एमटीडीसीच्या जागा बहुतेक ठिकाणी मोक्याच्या असतात. दर अगदी कमी नसतात, पण मधल्या वारी चांगली खोली मिळून जाते. गणपतीपुळे, शेगाव अशा ठिकाणी भक्तनिवास सर्वांत स्वस्त पडतं, फक्त तिथले वेळेचे आणि वागण्याचे नियम मनापासून पाळायची तयारी हवी.

फोनवर चार गोष्टी विचारा: संडास-बाथरूम खोलीत आहे का, दुपारी पाणी असतं का, वीज गेली तर पंखा चालतो का, एसटी थांब्यापासून किती चालायचं. मेमध्ये दुसरा आणि तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचे.

१२. इंटरनेटवर आंबोली आणि भंडारदऱ्याचे हिरवेगार फोटो दिसतात. मेमध्ये तसंच असतं का?

नसतं. ते फोटो जुलै-ऑगस्टचे. मेमध्ये आंबोलीचा धबधबा, ठोसेघर, लिंगमळा कोरडे किंवा सुतासारखे असतात, डोंगर तपकिरी. कासचं पठार फुलतं ते पावसाळ्याच्या शेवटी. त्या ठिकाणांसाठी पैसे पावसाळ्यापर्यंत राखून ठेवा.

भंडारदऱ्याला एक अपवाद आहे: मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर, तिथल्या झाडांवर काजवे लखलखतात. आयुष्यात एकदा दोघांनी मिळून पाहावं असं ते दृश्य आहे. शनिवारी मात्र गाड्यांची रांग लागते, आणि दिव्यांच्या झोतात काजव्यांचं चमकणं विस्कळीत होतं. ते चमकणं जोडीदाराला दिलेली हाक असते. मधल्या वारी जा, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा, झाडं हलवू नका, काजवे पकडू नका.

१३. उन्हाळ्यात वाघ हमखास दिसतो म्हणतात. ताडोबा परवडेल का?

पाणवठे आटल्याने वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरं, पण हमखास काही नसतं. जिप्सी सहा जणांची असते. दोघांनीच पूर्ण घेतली तर बजेट तिथेच संपतं. जायचंच असेल तर चार जणांची सोबत आधी जमवा किंवा बफर क्षेत्रातली सफारी पाहा. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं. दुपारच्या फेरीत ऊन ४४-४५ अंशांचं असतं, ओला रुमाल आणि पाणी जवळ हवं.

१४. एवढ्याच पैशांत गोवा किंवा मनालीचं पॅकेज मिळतंय. घ्यावं का?

गोव्याला हो, मेमध्ये खोल्या डिसेंबरपेक्षा बऱ्याच उतरतात. भाड्याची स्कूटर घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. खासगी पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पकडलं तर मनस्ताप तुम्हाला. मनालीचं कमी दराचं पॅकेज नीट वाचा: प्रवास कुठून धरलाय, रोहतांगची गाडी आणि परवाना त्यात आहे का, जेवण किती वेळचं. हे सगळं वाढवून आकडा काढा, मग ठरवा. दीड-दोन दिवसांचा एका बाजूचा प्रवास आठवड्याची रजा असल्याशिवाय करू नये.

१५. नुकतंच लग्न झालंय, बायकोच्या आधारवर माहेरचं नाव आहे. खोली मिळताना अडचण येईल का? आणि लग्न झालेलं नसेल तर?

माहेरच्या नावाने अडचण येत नाही, हॉटेलला दोघांचं ओळखपत्र हवं असतं, आडनाव एक असण्याची गरज नाही. चूक होते ती रेल्वेच्या तिकिटात: ओळखपत्रावर जे नाव आहे तेच तिकिटावर टाका, सासरचं नाव हौसेने टाकू नका.

लग्न न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहायला कायद्याने बंदी नाही. पण काही लॉज आणि बहुतेक भक्तनिवासं स्वतःच्या नियमाने नकार देतात, काही ठिकाणी त्याच शहराचा पत्ता असलेलं ओळखपत्र चालत नाही. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट विचारा आणि उत्तर मेसेजवर लिहून घ्या. रात्री नऊला दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा हे बरं.

१६. आगाऊ पैसे मागतायत. फसवणूक तर नसेल?

हंगामात बनावट कॉटेजचे फोटो आणि एमटीडीसीच्या नावाने खोट्या वेबसाइट फिरतात. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा, नकाशावर जागा शोधा, शेजारच्या हॉटेलला फोन करून विचारा. सगळी रक्कम आधी मागणारा, ‘पाच मिनिटांत भरा नाहीतर खोली जाईल’ म्हणणारा माणूस टाळा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

१७. पाऊस लवकर आला तर?

एरवी मोसमी पाऊस १ जूनच्या सुमारास केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत येतो. २०२५ साली तो केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोहोचला. म्हणून २० मेनंतरची सहल असेल तर रद्द करता येणारी खोली घ्या, थोडी महाग पडली तरी. कोकणात होडीचं काम पहिल्याच सकाळी उरका. शेवटच्या दिवसावर टाकलं आणि समुद्र खवळला तर किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल. माथेरानला पाऊस सुरू झाला की नेरळहून वर येणारी गाडी बंद होते, अमन लॉजची शटल बहुधा चालू असते. तेव्हा दस्तुरीपर्यंत टॅक्सीचे पैसे धरूनच निघा.

१८. तिकीट वेटिंगवर आहे. निघावं का?

इंटरनेटवर काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, त्यावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. आरएसी असेल तर बसायची जागा नक्की, बिनधास्त निघा. एका तिकिटावर दोघं असाल आणि एकाचंच नक्की झालं, तर दुसऱ्याचं तिकीट रद्द होत नाही, पण त्याला बर्थ मिळत नाही. रात्रीच्या प्रवासात एका बर्थवर दोघांनी रात्र काढायची तयारी असेल तरच जा. नाहीतर त्याच रात्रीच्या एसटीची जागा आधीच पाहून ठेवा, दीड तिकिटाचा हिशेब तिथे लागू आहेच (प्रश्न ९).